कपाटातलं गाणं

बोईसर,
सोमवार, दुपार

प्रिय पूर्वी,

पत्र बघून हसशील. किराण्याच्या यादीपलीकडे आईने कधी काही लिहिल्याचं तुला आठवत नसेल, मलाही आठवत नाही. पण आज लिहायचंच म्हणून बसलेय. बाबा पहिल्या पाळीला गेलेत. लाईट गेलेली आहे. कंपन्यांकडून तो नेहमीचा आंबूस वास यायला लागला म्हणून खिडक्या लावून घेतल्या, आणि आता घामाने कागद हाताला चिकटतोय. थकले गं मी. कशाने म्हणून विचारशील तर एक काही सांगता यायचं नाही. गुडघे आहेत, एक दिवसाआड येणारं पाणी आहे, शनिवारवर आलेलं भावेशचं लग्न आहे. नलूआत्याच्या घरचं लग्न म्हणजे राबायला मीच, हे तुला वेगळं सांगायला नको. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे बाबांचा स्टुडिओ.

तू होतीस तोवर लॅपटॉप आणि माईक बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी गपगुमान असायचे. तुझं लग्न झालं आणि महिन्याभरात तुझ्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या लागल्या, दाराला माझी चांगली गोधडी. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, फ्रिज बंद, मी भांडंसुद्धा आपटायचं नाही. मागे केळव्याचा कुंदन हळदीचं गाणं रेकॉर्ड करायला आला होता. त्याचा सूर काही लागेना, टेकवर टेक झाले, शेवटी एकदाचा लागला म्हणून सगळे खुशीत चहा पिऊन उठले आणि फ्रिज चालू करायचा राहिला तो राहिलाच. दुसऱ्या दिवशी अख्खी सुरमई टाकून द्यावी लागली. तेव्हापासून मी नियम केलाय. फ्रिज बंद केला की बाबांनी आपला चष्मा आत ठेवायचा. चष्म्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, त्यामुळे फ्रिज आपोआप आठवतो. कुंदन म्हणाला, "काकी, खऱ्या साहेब तर तुमीच हाय इथल्या." म्हटलं, साहेबाला पगार तरी असतो रे.

आता जे सांगते ते तुझ्यापाशीच ठेव. बाबांचे कान गेलेत. पूर्ण नाही गेले. उभं आयुष्य कंपनीत कापडाच्या मागांच्या खात्यात काढलं, आणि सुट्टीच्या दिवशी बेंजो पार्टीत त्या भोंग्यांना कान लावून वाजवलं, त्याचं फळ. बारीक, उंच आवाज त्यांना येत नाहीत. कुकरची शिट्टी येत नाही. डास कानाशी गुणगुणला तरी कळत नाही, सुखी माणूस. जाड, खालचे आवाज मात्र अजून माझ्याआधी ऐकतात. मालगाडी अलीकडचं उमरोळी स्टेशन सोडायच्या आत ते म्हणणार, मालगाडी येतेय. पण मिक्सिंगला दोन्ही लागतं ना. त्यांना गाणं मंद वाटतं, मग ते उंच आवाज चढवत बसतात, आणि ऐकणाऱ्याच्या कानात सुया. कुंदनने त्याचं गाणं घरी नेऊन ऐकलं आणि परत आला. बाबा कामावर होते. म्हणाला, "काकी, गाना भारी झालाय, पन कानात टोचतंय ओ. काकांना सांगाची हिंमत नाय माझी." हिंमत माझीही नाही. एकदा कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं होतं, तर माणूस दोन दिवस जेवणाच्या ताटावरही बोलला नाही. बेंजो सुरात लावायचा तर एकनाथकडे न्या, एकनाथचा कान म्हणजे कान, असं किनाऱ्यावर सगळे बाबांबद्दल म्हणतात. पुढच्या वर्षी कंपनीतूनही निवृत्त होतील. मग त्या एका कौतुकाशिवाय त्यांच्याकडे उरणार काय?

म्हणून मीच शिकले. कुंदनने दाखवलं. पडद्यावर दांड्यांची एक रांग असते, तिच्यातला शेवटचा, बारीक आवाजांचा दांडा बाबा चढवून ठेवतात. ते कामावर गेले की मी तो खाली आणते, दोनदा ऐकते आणि मग गाणं गिऱ्हाइकाला पाठवते. पाठवायचं काम आधीपासून माझ्याचकडे, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. लोक फोन करून बाबांची तारीफ करतात, बाबा मिशीतल्या मिशीत हसतात आणि मी पोळ्या लाटते. पण खरं सांगू, या वयात हे नवीन काम अंगावर घ्यायची ताकद नव्हती माझ्यात.

आता तुझ्या गाण्याचं. भावेशच्या हळदीला यायला जमत नाही, घरी पाहुणे आहेत, असं तू फोनवर सांगितलंस तेव्हा नलूआत्याने थयथयाट केला. "करवलीचा आवाज नाय तर हळद लावाची नाय, सांगून ठेवते!" मग तू गाणं रेकॉर्ड करून पाठवलंस. बाबांना इतका आनंद झाला की फ्रिज बंद करायची गरज नसताना त्यांनी बंद केला. हेडफोन लावून बसले. मी दारात उभी होते. अर्ध्या गाण्यात त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पुष्पा, पोरीचं काहीतरी बिघडलंय. आवाज पोकळ येतोय."

मी ऐकलं. मला तर तुझा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. गळा तोच, सूर तोच. म्हटलं, झालं, यांचे कान. सर्दी झाली असेल तिला, असं सांगून मी विषय संपवला, पण तो माणूस काही संपवेना. रोज पाळीवरून आले की तेच गाणं. हे चढव, ते उतरव, मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. जेवण निम्मं. "ती बरी नाही," एवढंच. मी तुला फोन केला, तू म्हणालीस मस्त चाललंय आई. तेही त्यांना सांगितलं. नलूआत्या त्यांना म्हणाली, "दादा, उगाच घोर लावून घेतलास, काय नाय झालाय तिला." ऐकतील तर शपथ. मला तर रागच येत होता. तुझी काळजी त्यांच्या डोक्यातून काढायची तर सांगावं लागणार की बिघाड पोरीत नाही, तुमच्या कानात आहे. ते सांगवत नव्हतं. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी, हातात पोळपाट.

तुला आठवतं, तू एवढीशी असताना बाबा तुला माझ्या कपाटात तोंड घालून गायला लावायचे? दार उघडायचं, साड्यांच्या समोर उभं राहायचं आणि साड्यांना ऐकवायचं. कपडे आवाज पितात, भिंतीवरून घुमून परत येऊ देत नाहीत, म्हणून घरातली सगळ्यात चांगली रेकॉर्डिंगची जागा म्हणजे आईचं कपाट. शेजारची स्नेहा तुला चिडवायची की तुमच्याकडे साड्यांसाठी गाणी म्हणतात. तुझ्या लग्नात कपाट द्यायची वेळ आली तर बाबा दुकानातल्या एकेका कपाटात डोकं घालून टाळ्या वाजवत होते. दुकानदाराला वाटलं, नवऱ्या मुलीच्या बापाचं टाळकं सरकलं. शेवटी एक पसंत केलं. आतला आरसा वाकडा होता, पण ते म्हणाले, गाण्याला हेच. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत तू त्याच कपाटापुढे उभी राहून आरती पाठवली होतीस. बाबांनी ती ऐकली आणि म्हणाले, बघ, घरीच गातेय जशी.

परवा शनिवारी मी साड्या उन्हात घालायला काढल्या. लग्नाला कुठली नेसायची ते ठरत नव्हतं म्हणून सगळंच कपाट रिकामं केलं, डांबराच्या गोळ्या बदलल्या, खण पुसले. पुसता पुसता तोंडात तुझंच गाणं. आठवडाभर घरात दुसरं काही वाजतच नव्हतं. आणि माझाच आवाज मला परका वाटला, पूर्वी. खाली कुठेतरी घुमत होता, डब्यात बोलल्यासारखा. मी थांबले. पुन्हा गायले. मग हात पुसून तुझ्या खोलीत गेले आणि तुझं गाणं लावलं. मग गणपतीची आरती लावली. मग परत गाणं. शब्द बाजूला ठेवून फक्त तो खालचा घुमारा ऐकला; आरतीत तो नव्हता, गाण्यात होता. मला इतके दिवस तो ऐकूच आला नव्हता, कारण मी तुझे शब्द ऐकत बसले होते. बाबांना शब्द नीट येत नाहीत, त्यांना तेवढाच येत होता.

मी तिथेच पलंगावर बसले. उन्हात साड्या वाळत होत्या, त्या संध्याकाळपर्यंत आत आणल्या नाहीत. लग्नात तुझ्या कपाटात मी माझ्या हातांनी कपडे लावले होते, दाबून दाबून, दार लागत नव्हतं. ते कपाट आज रिकामं आहे, आणि तरी तू सवयीने त्याच्याच समोर उभी राहून भावाच्या हळदीचं गाणं म्हणालीस. कपडे कुठे गेले? बॅगेत भरून ठेवलेस? की तुला त्या खोलीतूनच काढलंय? दोन्हींतलं काही का असेना, मस्त चाललंय म्हणतात ते हे नव्हे. मी आई असून नुसते शब्दच ऐकत बसले, याचं फार वाईट वाटतंय गं.

बाबा आले तेव्हा त्यांना सांगितलं. कानांचं काही नाही सांगितलं, फक्त त्यांना माझ्या रिकाम्या कपाटापुढे उभं केलं आणि म्हटलं, टाळी वाजवा. त्यांनी वाजवली. एकदाच. मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आले आणि बुधवारची रजा टाकली. माझ्यावर विजय मिळवल्याचं एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, तर तुझा फोन हल्ली सारखा स्पीकरवर असतो. तू सांगितलं नाहीस, पण एवढी वर्षं या घरात काढल्यावर मला तेवढं कळतं. म्हणून हे पत्र. बुधवारी नलूआत्या वलसाडला तुमच्या दारात येईल, पत्रिका आणि अक्षता घेऊन, आणि करवलीला न्यायला आलेय म्हणेल. नवऱ्या मुलाची आई दारात येऊन करवली मागते तेव्हा आपल्यात नाही म्हणत नाहीत. तुझ्या सासूबाईंनाही ते ठाऊक आहे. पाणी द्यायला येशील तेव्हा ती हे तुझ्या हातात देईल, आत जाऊन वाच आणि चुलीत घाल, गॅसवर घाल, काहीही कर. बॅग मोठी असली तर असू दे, लग्नघरी चार साड्या लागतातच. बाबा स्टेशनवर थांबतील, दारात आणलं तर त्यांना आवरणार नाही. कदाचित माझंच चुकत असेल. कपाटाला रंग द्यायला काढलं होतं म्हणशील आणि हसशील, तर मग हळद खेळ, भावेशला चिडव आणि रविवारी परत जा, मी एक प्रश्न विचारणार नाही. तसं नसेल तरी विचारणार नाही. मी माझ्या साड्या ट्रंकेत घातल्यात आणि कपाटाचे वरचे दोन खण तुझ्यासाठी मोकळे केलेत. काल बाबांनी त्यात डोकं घातलं आणि म्हणाले, आता हेही पोकळ वाजतंय, पुष्पा, इथे काही रेकॉर्ड व्हायचं नाही. म्हटलं, थांबा दोन दिवस, भरेल.

तुझीच,
आई