म्हसतळ्यातले पांढरे दगड

चैत्र शुद्ध पंचमी, शके १८६०
म्हसतळ्याची खोप

चि. बन्सीधर, तुझ्या आईचा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा पिते का मोरीत ओतते? सूनबाईला, कमलला, आता अन्न ठरतं का? तिच्या कमरेवर घागर दिसली तर तुझी खैर नाही म्हणून समज. धुरपताआत्याचे डोळे निवळले का? आणि कपिली अजून धार काढताना लाथा झाडते का? तुझी तब्येत मी विचारत नाही. तापानं फणफणलास तरी तू बराच आहे म्हणणार.

ही रोजनिशी आहे, पत्र नव्हे. पण कोऱ्या कागदाशी बोलायची मला लाज वाटते, म्हणून तुझं नाव घालून लिहितो. वही भरली की धाडीन. जेवणं झाली की सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

पोचलो एकदाचा. राणीसावरगावाकडून बालाघाटाचा हा डोंगर किरकोळ दिसतो, चढायला लागलं की आईचं दूध आठवतं. वर आलं की मात्र डोळे निवतात. चारी बाजूंनी डोंगरानं ओंजळ धरावी आणि त्यात पाणी असावं, तसं हे तळं. दिनकरराव देशमुखांनी आईच्या नावानं तळ्याभोवती तीन खोपा बांधल्यात. एक खिंडीत, एक वरच्या धारेवर, एक ही काठाची, जिथं मी राहतो. दगडी भिंती, वर पळसाच्या पानांचं शाकारणं. डोंगर ओलांडणाऱ्यानं टेकावं, पाणी प्यावं, ऊन उतरलं की निघावं. रांजण भरणं आणि वाटांवर खुणा ठेवणं हे माझं काम. चुडाव्याच्या स्टेशनात खलाशीपणा करून हाडं झिजवली, त्यापुढं ही जावयाची मेहमानी आहे.

गावाकडची वाट समोरच्या काठाला उतरते. तिथून खोप अगदी हाताशी दिसते, पण यायचं तर धारेवरून वळसा घालून यावं लागतं. निम्मा दिवस जातो. वारा आडवा असतो, त्यामुळं ह्या काठाची हाक त्या काठाला ऐकू जात नाही.

चैत्र पौर्णिमा

देशमुखांचा गडी ग्यानबा चुन्याचं पोतं टाकून गेला. तिन्ही वाटांच्या कडेनं दगड मांडून चुना दिला. तुला फलाटाची आठवण येईल. तू एवढासा होतास, गाडीला भ्यायचास. मी सांगितलं होतं, पांढऱ्या दगडांच्या आतून चाल, इंजन तुझं काही वाकडं करणार नाही. अजून तू त्यांच्याकडं बघतच चालतोस. मी पाहिलंय, बोललो नाही इतकंच.

शेजार चांगला मिळाला. येडबा धनगर आणि त्याची बायको कासाबाई. मेंढरं घेऊन टेकडीआड उतरलेत. येडबा बोलायला कंजूस, कासाबाई दोघांचं मिळून बोलते. ती आली की पाणी पिते आणि फुकट प्यायला लाज वाटते म्हणून चुना दिलेला एखादा दगड डोक्यावर घेते, मला विचारते, आणि सांगेन तिथं ठेवून पुढं जाते. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना मी एकच शिकवलंय, पांढरा दगड दिसला की डोळे झाकून पाय टाका.

चैत्र वद्य षष्ठी

कासाबाईची लेक कडूबाई पलीकडच्या उतारावर नांदते. बाळंतीण झाली. पहिलीच खेप, घरात सासू नाही. म्हातारी दिवसाआड तूप-डिंक घेऊन धारेवरून जाते, आणि गुडघे धरून परत येते. मला बघवेना. तळ्याचं पाणी आटून एका कोपऱ्याला गेलंय, मधला तळ वाळून तडकलाय. सकाळी काठी टोचत सरळ पलीकडं गेलो, परत आलो. चपलेला माती लागली नाही. तिथून दगड मांडले तर घटकाभराची वाट.

येडबाला सांगितलं तर तो उठूनच उभा राहिला. त्याचं म्हणणं, धनगर आधी मेंढरू घालतो, मग दगड ठेवतो. तळात मेंढरू पाय टाकत नाही. कासाबाई तिथंच होती. ती म्हणाली, "मेंढराला काय कळतंय? तुमाला तरी कुठं कळतंय. दादानं दगड मांडला म्हंजी वाट हाय."

तो खाली बघत एवढंच म्हणाला, "दादा, वरून वाळलंय. खालचं कुणी बघितलंय?"

खरं सांगतो, मला राग आला. उभ्या जन्मात सिग्नल कधी चुकवला नाही, आणि हा मला मेंढराची अक्कल शिकवतो.

चैत्र वद्य एकादशी

रांग पुरी झाली. उन्हात अशी लखलखते की बघत राहावं. कासाबाई दोन-तीनदा जाऊन आली. नातू आजोबांवर गेलाय म्हणते, कामापुरतं रडतो आणि गप बसतो. माझ्यासाठी डिंकाचा लाडू आणला होता.

ग्यानबाच्या हाती तुला कार्ड धाडलंय. सवड काढून चार दिवस ये. समोरच्या काठाला आलास की कुणाला विचारू नको, पांढऱ्या दगडांवरून सरळ माझ्या दारात.

चैत्र वद्य त्रयोदशी

सकाळी कासाबाई गेली. रांगेत मधोमध एक दगड कमी दिसत होता. चांगला जड बघून काढला, चुना दिला, म्हटलं जाता जाता तेवढा ठेव. तिनं चुंबळ केली, दगड डोक्यावर घेतला, तुपाचं गाडगं काखेत. मी बादलीत चुना कालवत बसलो. मान वर केली तोवर ती दिसेनाशी झाली होती. म्हातारीला वाट मानवली म्हणायची.

चैत्र अमावास्या

येडबा आला. कासाबाई लेकीकडं पोचलीच नाही. इकडून कुठल्या वाटेनं गेली, विचारत होता.

मी म्हटलं, खिंडीनं.

का म्हटलं? मला अजून काहीच ठाऊक नव्हतं. पण तोंडातून ते निघून गेलं. तो कुत्री घेऊन खिंडीकडं पळाला.

तो गेल्यावर तळात गेलो.

बन्सीधर, हे पान मोठ्यानं वाचू नकोस.

मधोमध, जिथं दगड कमी होता, तिथं जात्याएवढी जागा ओली होती. वर साय धरत होती. काठी घातली, अख्खी आत गेली, तळ लागला नाही. कडेला चुंबळ पडली होती.

वाटलं, आता पोलिसांचा अमीन येईल, पंचनामा होईल, देशमुख काय म्हणतील. खरं म्हणजे त्यातलं काहीच नाही. येडबानं माझ्याकडं बघू नये एवढंच वाटलं. दिवस मावळायच्या आत एकूणएक दगड उचलले आणि कोपऱ्यातल्या पाण्यात टाकले. चुंबळसुद्धा.

वैशाख शुद्ध तृतीया

आज आखिती. तुझ्या आजोबांच्या नावानं पाण्याचं मडकं भरलं. दुसरंही भरलं, त्याला नाव घेता येईना.

येडबा दारात टेकला होता. पाय फुटलेत. गडी-माणसं खिंडीतली कपार न् कपार बघायलेत. मी विचारलं, कासाबाईचं मडकं भरलंस का? म्हणाला, "जित्या माणसाचं भरीत न्हाईत, दादा. ती येनार हाय."

त्या वेळी सांगायला हवं होतं. जीभ उचलली होती. त्यानं पाणी मागितलं, मी दिलं, आणि ती वेळ गेली.

वैशाख शुद्ध पंचमी

भर दुपारी उंबऱ्यावर दगड. ओला. चिखल निथळतोय आणि खाली चुना तसाच. मी मांडलेल्यांतलाच, माझा हात मला कळतो. वाटलं पोरांनी काढला असेल. परत पाण्यात टाकला.

वैशाख शुद्ध षष्ठी

पुन्हा. उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत ओल्या पावलांची ओळ. एक पाय ओढत टाकलेला. गुडघा दुखत असल्यासारखा.

मी जेवलो नाही. येडबा येऊन गेला. दगड बघून म्हणाला, हा कुठला? मी म्हटलं, चुना द्यायला आणलाय.

वैशाख शुद्ध सप्तमी

आज दार लावून बसलो होतो. बाहेर ऊन रखरखत होतं, पाखरू नव्हतं. दाराशी कुणीतरी थांबलं. डोक्यावर ओझं असलं की माणूस जसा श्वास घेतो, तसा श्वास. मग, नेहमीसारखंच, मायेनं—

"दादा, ह्यो कुठं ठिवू?"

मी तोंडात धोतराचा सोगा धरला.

पुन्हा विचारलं. राग नाही आवाजात. रागावली असती तर बरं झालं असतं. वाट बघत उभी राहिली. दाराखालून पाणी आत यायला लागलं.

मी म्हटलं, होता तिथं ठेव.

गेली.

वैशाख शुद्ध दशमी

तीन दुपारी कुणी आलं नाही. उंबरा कोरडा. वाटलं सुटलो. देवाला नारळ बोललो.

आज काठावर गेलो.

तळात रांग आहे. पांढरी. समोरच्या काठापासून निम्म्यापर्यंत आलीय. मी ओरडून येडबाला बोलवायला हवं होतं. मी घरात आलो आणि दार लावलं.

वैशाख शुद्ध द्वादशी

दुपार झाली की एक-एक वाढतो. उचलायला गेलो. पाय टाकला तर खालून काहीतरी हललं. जात्यासारखं, संथ. मागं फिरलो.

चुना ताजा आहे. माझी बादली रिकामी आहे.

वैशाख शुद्ध त्रयोदशी

ग्यानबा घोड्यावरून धारेनं आला. तुझं कार्ड घेऊन. राणीसावरगावात चार दिवस पडून होतं म्हणे.

तू निघतोस. पौर्णिमेच्या आत येतो, कमलनं लोणचं दिलंय, पांढऱ्या दगडांवरून सरळ येईन, कुणाला विचारणार नाही.

मी ग्यानबाचा हात धरला. म्हटलं पोरगा भेटला तर धारेनं पाठव. तो हसला. "धारंनं, खिंडीनं आता कुनीच येत न्हाई, दादा. म्हातारी तिथंच गेली की. गावात समदे तळ्यातनंच जावा म्हणायलेत. वरून बघितली, रांग झकास दिसतीया."

तेव्हाही नाही सांगितलं. माती खराब आहे म्हटलं. तो मान हलवून घोड्यावर बसला.

येडबाच्या बायकोला मी खिंडीत मारलं. आता गावाला तळात घालतोय.

उद्या पहाटे निघतो. धारेनं, पाय तुटेस्तोवर. आधी येडबाकडं. पाया पडून सगळं सांगतो. मग समोरच्या काठावर जाऊन बसतो, तू येईपर्यंत.

वैशाख शुद्ध चतुर्दशी

पहाटे निघालो होतो. येडबाचा मुक्काम हललेला. मेंढरं नाहीत, राख गार. तो कडूबाईकडं गेला असणार. धारेला लागलो तर छातीत कळ. बसत, रांगत, परत खोपीशीच. दुपार झाली.

कुणी वाचेल त्यानं येडबाला सांगावं— कासाबाई तळात आहे. मधोमध. दगड मी मांडले, मी उचलले. खिंडीचं खोटं. तिच्या नावानं मडकं भरावं.

रांग पुरी झालीय. एकच जागा मोकळी. मधली.

समोरच्या काठावर माणूस. एकटा. त्यानं छत्री उघडली— काळी. खांद्यावर कलती धरलीय.

अशी धरणारे पुष्कळ असतात.

बन्सी, तू घरीच असशील. गाडी चुकली असेल. कमलनं अडवलं असेल. तसं असलं तर लगेच दोन ओळी धाड बाबा, लौकर धाड, घरीच आहे एवढंच लिही—

खाली बघत चालतोय. दगडांकडं.

त्याच्या पुढं ती. डोक्यावर दगड. वळून वळून वाट दाखवते— मायेनं—

हाक पोचत नाही. दोनदा मारली.

धारेनं वेळ नाही. त्याच्यापर्यंत जायला मला एकच वाट— पांढऱ्या—