पाचच्या सरावाआधी

सर, तुमच्या सायकलच्या पंपाचा आवाज आज दुपारपासून कानात आहे. शाळेच्या मागच्या पायरीवर बसून तुम्ही फुटबॉलमध्ये हवा भरायचात. दांडा दोनदा जोरात, एकदा हळू, आणि मला त्यात कवितेचं वृत्त ऐकू यायचं. मी मान डोलवत कविता म्हणायला लागलो की तुम्ही न बघताच म्हणायचात, "कवी, चेंडू धर नीट. हवा चाललीय." मग त्या ऑस्ट्रियन फुटबॉलपटूची गोष्ट पुढे सरकायची. कल्याणच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या परदेशी मासिकांतून तुम्ही ती जमवली होतीत. खरी किती आणि तुमची किती, हे आम्ही कधी विचारलं नाही. व्हिएन्नात खेळला, गुडघा गेला, प्रशिक्षक झाला. स्वित्झर्लंड, ग्रीस, पोर्तुगाल. जिंकला की लोकांच्या खांद्यावर, हरला की बॅग घेऊन स्टेशनवर. आम्हा डोंबिवलीच्या पोरांना ठाणंसुद्धा परगाव, पण त्याची ती गावं कवितेसारखी पाठ होती.

एका गावापाशी मात्र तुम्ही पंप थांबवायचात. तिथे त्याला काढल्याचं कुणी सांगितलंच नाही. तो मैदानावर गेला तर दुसराच माणूस गळ्यात शिट्टी घालून उभा, आणि त्याचे खेळाडू खाली बघतायत. "काढा की माणसाला," तुम्ही म्हणायचात, "पण तोंडावर सांगून काढा रे."

सर, आज सकाळी आम्ही तुमच्या मुलाला काढलं.

क्लब तुम्ही उभा केलेला, तुम्ही गेल्यावर मी अध्यक्ष, तो प्रशिक्षक. यंदा कल्याणला हरलो, ठाण्यात हरलो. रविवारी हरलो तर खालच्या गटात. खजिनदार म्हणाला, "काका, सर आम्हाला देवासारखे. पण हा अजून सरांच्या वेळचंच खेळवतोय. पोरांनी काय पाप केलंय?"

"रविवारपर्यंत थांबू," मी म्हटलं.

"आणि मग काय, शोकसभा?"

कुणी हसलं नाही. मतं दोन्हीकडे सारखी पडली आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी काढण्याच्या बाजूने हात वर केला. पटलं म्हणून केला सर, ते मी तुमच्यापुढेही नाकारणार नाही. त्याला कोण सांगणार, असं विचारल्यावर मीच म्हटलं, मी सांगतो.

नवा माणूस पाचला मैदानावर येतोय. आता चार वाजून गेलेत. तुमचा मुलगा इथेच कोपर स्टेशनजवळ, दोन गल्ल्या सोडून राहतो. मला दादा म्हणतो. दोनदा फोन लावला आणि रिंग जायच्या आत कापला. चपला घालून जिना उतरलो, परत चढलो. आणि बसलोय तुम्हाला लिहीत, कारण तिकडून उलट प्रश्न यायची भीती नाही.

बेल वाजली.

"कोण?"

"मी रे. उघड."

बाई आहेत, सर. तुमच्या बाई, त्याची आई. गुडघ्यांमुळे त्या वर्षभर घराबाहेर पडलेल्या नाहीत, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दाराबाहेर दम खात उभ्या आहेत.

"पाणी नंतर दे," त्या बंद दाराआडूनच म्हणतायत. "तो बूट पुसत बसलाय. जाऊ देऊ का त्याला मैदानावर, तेवढं सांग."

"आलो बाई," असं म्हटलंय मी, सर, आणि अजून लिहितोच आहे.