हात सोडायचं बटण

३ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी! दिवसभर व्हिडिओ गेम खेळायचा आणि वर पगार घ्यायचा. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, पत्ते खेळलीस म्हणून लहानपणी मार खाल्लास, आता त्याचीच नुकसानभरपाई मिळतेय.

जागा छान आहे. तिसऱ्या मजल्यावर लांबट हॉल, जाड पडदे, गुबगुबीत खुर्च्या, चहाचं मशीन. माणसं घाईत निर्णय कसे घेतात याचा इथे अभ्यास चालतो. अभ्यास घेणाऱ्या मॅडम वयाने लहान आणि बोलायला गोड आहेत. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त शिक्षक बसतात. त्यांना सगळे मास्तरच म्हणतात.

खेळ सोपा आहे. इमारतीला आग लागलेली असते. हातात हात धरलेली माणसांची रांग घेऊन बाहेर पडायचं. एखादा हळू चालला की सगळी रांग अडकते. अंगठ्याखाली एक बटण असतं, ते दाबलं की मागच्याचा हात सुटतो. मी आज कुणालाच सोडलं नाही. सगळे जळाले, माझ्यासकट. मास्तर म्हणाले, माझ्या वर्गात असता तर शेरा मारला असता, 'प्रेमळ, पण नापास'.

१० फेब्रुवारी
आता जमायला लागलंय. सोडल्याचे गुण कापत नाहीत, उलट रांग पळते.

घरीही फरक पडलाय. ताईचं आजारपण आल्यापासून मी कामाने कमी आणि ठरवण्यानेच जास्त थकायचे. कुठली गोळी आधी, अंघोळ आज की उद्या, डॉक्टर बदलायचा का. आई गेल्यावर जिने मला वाढवलं तिचे हात आता थरथरतात, पाय उंबऱ्यात चिकटून बसतात, आणि मी 'काय करू, काय करू' करत तिथेच उभी. हल्ली तसं होत नाही. झटकन ठरतं. जुनं कपाट काढून टाकलं. दिवसा ताईजवळ बसणारी शेजारची वहिनी म्हणाली, नोकरी मानवली हो तुला.

किती वर्षांनी हलकं वाटतंय.

१८ फेब्रुवारी
आज ताईला बँकेत घेऊन गेले होते. रस्ता ओलांडताना तिचे पाय मधेच अडले. मी पलीकडच्या फुटपाथवर पोचले आणि मग माझ्या हाताकडे बघितलं. रिकामा होता. ताई रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी गाड्या. एका फळवाल्याने धावत जाऊन तिला आणलं.

ताई हसली. म्हणाली, तुझं घोडं नेहमीच पुढे.

मला ते हसणं बघवेना. हात निसटला नव्हता. माझा अंगठा अजून तर्जनीवर दाबलेला होता. घट्ट.

२१ फेब्रुवारी
मास्तर आज खेळले नाहीत. बंद स्क्रीनसमोर नुसते बसून होते. काल नातीला घेऊन बाजारात गेले आणि एकटेच घरी परतले. जेवायलाही बसले. पोरगी नंतर एका दुकानात रडताना सापडली, सुखरूप आहे. मी समजूत घातली की वयात होतो असा विसर.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "विसरलो नाही हो मी तिला. तिची चप्पल तुटली, ती मागे राहिली. मी सोडलं तिला."

२२ फेब्रुवारी
मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, खेळाने असं काही होत नसतं, तुम्ही दमला आहात. मग त्यांनी मायेने विचारलं, रस्त्यात हात सुटला त्या क्षणी वाईट वाटलं का?

नाही म्हणाले. बरं वाटलं होतं.

त्यांनी ते लिहून घेतलं. मी नोकरी सोडली.

२८ फेब्रुवारी
खेळाला हात लावलेला नाही. काही उपयोग नाही.

ताईचा घास तोंडात घोळत राहतो आणि माझा अंगठा ताटाच्या कडेवर दाबत असतो. तिला बटण लावायला वेळ लागतो — दाबतो. पाण्याचा पेला तोंडाशी नेताना थरथरतो — दाबतो.

वहिनीला म्हटलं, आम्हा दोघींना एकटं सोडू नकोस. तिला वाटलं मी थकलेय. म्हणाली, तुझ्यासारखी बहीण शोधून सापडायची नाही.

थकलेय हेही खरंच. तेच तर —

२ मार्च
आता घरातही चालताना तिचं मनगट माझ्या मनगटाला ओढणीने बांधते. पडशील म्हणून, असं सांगितलं. तिला मजा वाटली. "गर्दीत मी तुला अशीच बांधायचे. किती ओढायचीस तू."

स्वयंपाकघरापर्यंत गेलो. ओट्याशी पोचले तर ओढणी जमिनीवर. ताई मागे, भिंतीला धरून उभी.

गाठ मी सोडली. आठवत नाही. पण तिच्या बोटांना गाठ सुटत नाही.

३ मार्च
ताईला खरं सांगितलं. ती रागावली नाही. उद्या डॉक्टरकडे दोघी जाऊ म्हणाली, आधी तुला दाखवू.

माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसली. हळू. फार हळू. मी मुठी आवळून —

४ मार्च, दुपार
लिफ्ट बंद. वहिनी बाहेर गेलीय. वेळ घेतलेली, म्हणून जिन्यानेच निघालो. दोन गाठी मारल्या होत्या.

पहिल्या वळणावर तिचे पाय अडले. मी म्हटलं, सावकाश. खरंच म्हटलं. सावकाश ताई, घाई नाही —

आता मी घरात आहे. टेबलाशी. ओढणी माझ्या मनगटाला लोंबतेय. मधे काय झालं —

पडल्याचा आवाज आला नाही. आला असेल तर —

हाक मारतेय. जिवंत आहे. माझं लाडाचं नाव घेतेय. भिंत धरून पायऱ्या चढतेय वाटतं. एक पाय. थांबणं. एक पाय.

उठायचंय. लिहितेय म्हणजे हात गुंतलेला राहील. हा हात. दुसरा टेबलावर — अंगठा —

दाराला आतून कडी आहे. मीच लावली असणार.

ती दारापाशी पोचली. वाजवत नाहीये, नुसतं टेकून उभी आहे. विचारतेय, "बरी आहेस ना गं तू?"

उठते. उघडते. ताई, उघडते मी, फक्त हा हात जरा —

हलकं वाट