शांताची हाक

आश्विन वद्य पंचमी, संध्याकाळ. रत्नागिरीजवळ, लेकीच्या घरी.

पाऊस सरलाय, भात पिवळं झालंय, समुद्र आमच्या हरभऱ्याच्या रानासारखा हिरवागार. हुलसूरहून निघताना ठरवूनच आलो की शांताला घेऊन जायचं आणि उन्हाळ्यापर्यंत माघारी धाडायचं नाही. श्रावणात तिचं बाळ गेलं. तेव्हापासून पोरगी विचारलं तेवढंच बोलते. जावई इथं शाळेत मास्तर. भला माणूस, पण त्याचंही काही चालेना.

आज तिघं किनाऱ्यावर गेलो. मी कोरड्या वाळूतच धोतर सावरत उभा. शांता घोटाभर पाण्यात गेली आणि वळून मोठ्यानं हाक मारली, "अप्पा, कामून भ्यायलाव? या की."

गेलो. पायाखालची वाळू सरकली तसा तिचाच हात घट्ट धरला. ती हसली. खरंच हसली ना? जावयानंही पाहिलं, म्हणजे भास नव्हता.

घरी आल्यावर विचारलं, "दिवाळीला येतीस न्हवं?"

"येते की. पण भाऊबीज झाली की मला माघारी सोडा. अन् येताना आपली तूरडाळ आणू. इथली शिजतच न्हाई."

उन्हाळ्याचं मनातच ठेवलं. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच काही मागितलं.

"पोतंभर आणू," म्हणालो.