आपल्या घरची शिट्टी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? भाऊजींचा खोकला कसा आहे? आम्ही देवाच्या कृपेने ठीक. जे ठीक नाही, त्याचीच ही हकिगत.

आपल्या गल्लीतल्या ग्रंथालयात हल्ली आठवणींची बैठक भरते. गावाचं शहर झालं, म्हणून जुन्या माणसांनी जुनं काही सांगायचं आणि ग्रंथपालबाईंनी ते रेकॉर्ड करून ठेवायचं. (जुन्या माणसांत आपली गणना झाली, हे मला खुर्चीत बसल्यावर कळलं.) या वेळचा विषय होता, गल्लीतले हरवलेले आवाज. मी उत्साहाने हात वर केला. संध्याकाळी मुलांना हाक मारायला प्रत्येक घराची शिट्टी वेगळी असे. आमच्या अण्णांची मी वाजवून दाखवतो, म्हटलं.

घरी सराव सुरू केला. "आपल्या घरात शिट्ट्या कुकरने द्यायच्या," ही म्हणाली, "समोरच्या बाई दोनदा खिडकीत येऊन गेल्या." तरी मी हटलो नाही. बैठकीच्या दिवशी मनात देवाचं नाव घेतलं, 'शांतता राखा' या पाटीखाली उभा राहिलो आणि दोन लांब, एक आखूड अशी खणखणीत शिट्टी मारली. तोच मागच्या रांगेतून शिंपीकाकांचा थोरला (साठीला आलाय, डोक्यावर केस औषधालाही नाही) ताडकन उठून म्हणाला, "आलो, बाबा!"

मग तो स्वतःच ओशाळून हसला. "अरे लेका, ही तर आमच्या घरची!"

"त्याचा काय दोष?" निवृत्त पोस्टमनकाका म्हणाले. "हा सदा तुमच्याच ओट्यावर पडलेला. अख्ख्या गल्लीच्या शिट्ट्या पाठ, घरची तेवढी सोडून!"

लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो.

परतताना मात्र हसू ओसरलं. अण्णांच्या हातांना येणारा लाकडाच्या भुशाचा वास आठवतो, रंधा मारताना पुटपुटलेलं देवाचं नाव आठवतं. शिट्टी आठवत नाही. शिंपीकाकांची वाजली की खेळ मोडायचा, थोरला आत पळायचा, ओट्यावर मी एकटा उरायचो. मग आपली यायची. ती कशी होती? नेमका तिथेच कान बंद होतो.

दम्याने अण्णांची फुंकर पुरेना, तेव्हा ती त्यांनी तुला शिकवली. (मुलींनी शिट्टी वाजवू नये, असं आई बजावायची, पण त्या वेळेला मुद्दाम भांडी आपटत बसायची, म्हणजे तिला काही ऐकू आलं नाही असं होई.) ती आता तुझ्याखेरीज कुणापाशी नाही. असा ठेवा जपायला हवा, असं ग्रंथपालबाई सांगतात. तेव्हा गल्लीच्या इतिहासासाठी एकदा येऊन जा.

तुझा
धाकटा

ता. क. फोनवर वाजवू नकोस. नवी कवळी घालून ये. कवळीने जमत नसेल तर काढून वाजव, आपल्या घरात कोण बघतंय?

आणखी एक ता. क. रेकॉर्डिंगचं काम मागच्याच आठवड्यात आटोपलं. बाई यंत्र घेऊन पलीकडच्या गल्लीत गेल्या. इतिहासाचं आता काही अडलेलं नाही. तू फक्त संध्याकाळी आपल्या खिडकीत उभी राहा. मी गल्लीच्या टोकाला थांबतो. बोलावलंस की घरी येतो.