सीताफळ वाळलेलं नव्हतं

१४ मार्च, गुरुवार. सकाळी ११ वाजून २० मिनिटं.

वेळ घड्याळात पाहून लिहिली आहे. कुंपणाबाहेरचं सीताफळ तोडलं. मी आत तांदूळ निवडत होते. दोन घाव ऐकू आले, तिसऱ्याला अनवाणी बाहेर. उशीर झाला होता. वीतभर खोड उरलंय. बाकी सगळं हातगाडीवर.

कादरभाई, कॉलनीचे माळी, कुऱ्हाड टेकवून उभे. "सूका झाड था अम्मा. सेक्रेटरीसाब लिस्ट दिये, उसमें तुम्हारे घर का नंबर था."

म्हटलं, "दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ते पानं टाकतं. तुमचे केस गळले तर मान उडवली का कुणी?"

बिचारे हसले. मग हसल्याची लाज वाटली त्यांना.

संध्याकाळी सचिव देशमुखांकडे. शेंद्र्याला यांची शेती होती. म्हणजे सीताफळ कधी उघडं होतं, पानं कधी टाकतं, एवढं तरी ठाऊक असायला हवं. म्हणाले, "आमच्याकडं कापूस होता मॅडम."

गल्लीत सोळा घरं. प्रत्येकापुढं एक टॅबेबुया लावायचं ठरलंय. मोबाइलवर फोटो दाखवला, सगळं गुलाबी. तीस एप्रिलला खड्डे घेणार, महिनाभर तापू देणार, मग जूनमध्ये रोपं. माझ्या दारातला खड्डा नेमका खोडाच्या जागी.

"खोड मुळासकट काढून देतो, तुम्हाला त्रास नाही."

मला त्रास नाही म्हणे.

१५ मार्च

दे. नी जानेवारीच्या सभेच्या ठरावाची झेरॉक्स पाठवली. ठराव चौथा: रस्त्याकडेच्या पट्टीतील वाळलेली झाडे महिन्याभरात काढावीत. सूचक म्हणून नाव माझं. सही माझी, पूर्ण, तारखेसह.

नऊ नंबरपुढचं मेलेलं सुबाभूळ माझ्या फाटकावर पडेल म्हणून मीच भांडून मंजूर करून घेतला होता तो ठराव. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलं. 'कोण ठरवणार' हे लिहिल्याशिवाय एक कागद पुढं जाऊ दिला नाही. आणि इथं वाळलेलं कोणतं ते कोण ठरवणार, हेच राहिलं.



१७ मार्च

सगुणाबाई आल्या. दौलताबादहून येतात, हंगामात सीताफळं घेऊन, हल्ली चिंच. पाटी उतरवायच्या आधीच ओरडल्या, "अगं बया! कोन्या मुडद्यानं तोडलं हे?"

खाली बसून अंगठ्याच्या नखानं साल खरडली. आत हिरवं. ओलसर. मी चष्मा काढून, पुसून, पुन्हा पाहिलं.

"जित्तं हाय बाई. वरून शेण-माती लिंपा. पन लई लाड करू नगा, पान्यानं कुजंल."

"फुटेल का?"

"फुटंल. नायतर नाय फुटायचं. मी काय देव हाय व्हय?"

चिंच जास्तच घेतली. एकटीला वर्षभर पुरेल.

२१ मार्च

आज नळ. आठव्या दिवशी आला, तोही पाऊण तास. पिंप, दोन हंडे, बादल्या. खोडाला दोन तांबे, तांदूळ धुतलेलं. तिसरा भरला होता. परत ओतला.

२३ मार्च

रोज नखानं खरडून बघते. आज मोजलं तर सात ठिकाणी साल गेलीय. कुऱ्हाडीनं नाही मेलं तर माझ्या नखांनी मरेल. उद्यापासून हात लावायचा नाही.

२४ मार्च

लावला. हिरवं आहे. आता खरंच नाही.

२६ मार्च

दे. फाटकाशी आले. नम्रपणे विचारलं, "पट्टी कॉलनीची आहे मॅडम. ते झाड लावलं कुणी? परवानगी, काही नोंद?"

नोंद शोधते म्हटलं आणि आत आले. 

निमू, माझी धाकटी बहीण, आणि मी. आठ वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, ओसरीवर सगुणाबाईंची सीताफळं. नि. म्हणाली, "बी कुंपणापार जाते का बघू." आणि थुंकली! दोघीही साठीच्या पुढच्या, दोघीही कॉन्व्हेंटात सिस्टरांच्या हाताखाली दहा वर्षं काटे-चमचे धरायला शिकलेल्या. माझी बी माझ्याच चपलेवर पडली. तिची गेली पार, एक नाही, चार-पाच. हसून हसून तिला ठसका लागला. पावसाळ्यात बाहेर एक रोप दिसलं. नि. नं त्याच्याभोवती विटा लावल्या.

तिनं त्याची दोनच हंगाम फळं खाल्ली. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

आता हे सचिवांना काय म्हणून सांगायचं? नोंद: थुंकून लावले?

३१ मार्च

मुद्दाम रिक्षा करून छावणीकडं गेले, टॅबेबुया बघायला. ओळीनं सहा झाडं. बहर संपत आलेला, तरी अजून फुलं होती. एक पान नाही, नुसती गुलाबी फुलं, खाली सडा. रिक्षावाला म्हणाला, "थांबू का थोडं?" त्यालाही बघायचं होतं.

सुंदर आहे. लिहिलंच पाहिजे. नि. असती तर फुलं गोळा करत बसली असती.

परतताना क्रांती चौकाच्या अलीकडं लक्षात आलं. एक पान नाही! म्हणजे हेही फुलायच्या आधी पानं टाकतं. त्या आठ-पंधरा दिवसांत नुसत्या काटक्या. तेव्हा कादरभाईंना यादी कोण देणार?

५ एप्रिल

रागानं नको, शांतपणे लिहायचं ठरवलं.

टॅबेबुया: सावली देईल, गल्लीला शोभा येईल, पोरांना फुलं. बहर पंधरा दिवस. पण दारावरून विजेच्या तारा जातात, झाड तिथवर पोचलं की लाइनमन येऊन मधोमध छाटणार. पहिली दोन वर्षं पाणी हवं, आणि आमचा नळ आठव्या दिवशी. फुलायला चार-पाच वर्षं. मी तेव्हा एकोणऐंशीची.

सीताफळ: माणसाच्या डोक्याइतक्या उंचीचं झुडूप. तारांशी भांडण नाही. शेळ्या तोंड लावत नाहीत. पाण्यावाचून राहतं, रुसत नाही. फूल कुणाला दिसतसुद्धा नाही, हिरवट, मान खाली घातलेलं, मला नि. नं पान उचलून दाखवलं तेव्हा कळलं. सावली मांजराला पुरेल एवढी. उन्हाळ्यात मेल्यासारखं दिसतं, हा त्याचा दोष. अर्धी फळं बुलबुल आणि खारी नेतात. उरलेली पाटीत ठेवून रोज दाबून बघायची.

दे. ना दाखवलं तर ते म्हणतील बरोबरी झाली. झाली नाही. एक आहे, दुसरं यायचंय.

१२ एप्रिल

दे. स्वतः कुंडी घेऊन आले. नर्सरीतलं कलमी सीताफळ, चकचकीत पानं. "आत लावा मॅडम. जातही चांगली आहे, बिया कमी." माणूस वाईट नाही, हीच अडचण आहे. वाईट असता तर सोपं होतं.

"आणि तुमच्या दारातच मोकळी जागा राहिली तर दात पडल्यासारखं दिसंल हो."

"माझे खालचे चार पडलेत देशमुख. तुम्हाला आजवर दिसले का?"

हसले. कुंडी ठेवून गेले. तिला पाणी घातलं, तिचा काय दोष. पण बिया कमी म्हणे!

१६ एप्रिल

उन्ह भयंकर. खोडावर ओलं पोतं. काहीच नाही. सकाळी, दुपारी, चहानंतर बघते, काहीच नाही. चौदा दिवस उरले. समोरच्या बाई गॅलरीतून बघत असतात, म्हातारी पोत्याशी काय बोलते म्हणून. बोलत नाही. मोजते.

१९ एप्रिल

उत्तरेच्या अंगाला, मातीपासून चार बोटांवर, काहीतरी फुगलंय. ज्वारीच्या दाण्याएवढं. काल नव्हतं. की होतं आणि मी पाहिलं नाही? भिंग आणलं. त्यातून मोठं दिसलं, वेगळं काही नाही.

कादरभाईंना हाक मारली. ते उकिडवे बसून वाकून बघू लागले. "फूटने की आँख है या खाली गाँठ है, अब्बी नहीं बोल सकते अम्मा. आठ-दस दिन रुको."

आठ-दस दिवस! खड्डा अकराव्या दिवशी.

जाताना हळूच म्हणाले, "तीस को मैं गाँव जातूँ बोल दूँ?"

नको म्हटलं. मग दुसरा कुणी येईल, तो खाली वाकूनही बघणार नाही.

२० एप्रिल

तेवढंच आहे. नखाला सक्त मनाई.

२२ एप्रिल, सोमवार

पत्र लिहिलं. तीनदा फाडलं, तिन्ही वेळा शेवटच्या मुद्द्यापाशी. चौथ्यांदा जसं झालं तसं लिहून टाकलं. नक्कल इथं ठेवते. मूळ प्रत आज देशमुखांच्या हातात दिली आणि पोच म्हणून नकलेवर सही घेतली. सही करताना त्यांनी शेवटचा मुद्दा दोनदा वाचला.

"मा. सचिव यांस,

१. दि. १४ मार्च रोजी सकाळी ११.२० वाजता माझ्या घरापुढील सीताफळ वाळलेले समजून तोडण्यात आले. ते वाळलेले नव्हते. तोडण्यापूर्वी कोणी साल खरडून पाहिली होती काय, असल्यास कोणी, ते कळवावे.

२. ज्या ठरावाने ते तोडले त्याची सूचक मीच आहे. ठराव अपुरा लिहिला ही चूक माझी, आणि ती मी लेखी मान्य करते. अशीच लेखी मान्यता समितीकडूनही अपेक्षित आहे.

३. आपण निवडलेले झाडही फुलण्याआधी पूर्ण निष्पर्ण होते. ते सुंदर आहे. मी जाऊन पाहिले. त्याचे पंधरा खड्डे आपण खुशाल घ्यावेत. सोळावा खोड फुटते की नाही हे ठरेपर्यंत, म्हणजे जूनअखेर, घेऊ नये. फुटले नाही तर मी स्वतः टॅबेबुया लावीन आणि माझ्या वाटणीच्या पाण्यातून जगवीन.

४. झाड कोणी लावले, असे आपण विचारले होते. माझी दिवंगत बहीण निर्मला हिने ओसरीवर बसून, कुंपणावरून, तोंडाने. परवानगी घेतलेली नव्हती. साक्षीदार मी.

लेखी उत्तर शनिवार, दि. २७ एप्रिल, सायंकाळी पाचपर्यंत मिळावे. तोंडी निरोप, किंवा 'बघू', हे उत्तर समजले जाणार नाही."