निळ्याकडे की हिरव्याकडे

४ मार्च, सोमवार

आज तिसऱ्यांदा! ‘दुकानात कोणी माणूस नाही का?’ मग मी कोण? ब्रशचा दांडा?

त्या गृहस्थांची गच्ची गळते. मी नीट सांगितलं — आधी शेवाळ खरवडा, गच्ची वाळू द्या, मग वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात, मध्ये एक दिवस सोडा. माझ्या डोक्यावरून मागे बघत होते. मागे काका. रंग मिसळायच्या मशीनपाशी पंचवीस वर्षं उभे आहेत, मशीन नव्हतं तेव्हापासून. काका म्हणाले, ‘ती सांगतेय तसंच करा.’ यावर गृहस्थ त्यांनाच म्हणाले, ‘बरं झालं तुम्ही भेटलात!’

काकांनी मान डोलावली. डोलवायची कशाला?

६ मार्च, बुधवार

सात वेळा. मोजलं मी. प्रत्येक शेड झाली की काका झाकणावर बोटभर रंग लावतात आणि मला रस्त्यावर पिटाळतात. ‘जा पोरी, उजेडात धरून बघ. काय दिसतंय?’

‘हिरवा.’

‘कसला हिरवा? निळ्याकडे झुकलाय की पिवळ्याकडे?’

कॉलेजात तोंडी परीक्षा, इथेही तोंडी परीक्षा! स्वतःचे पाय मोडलेत का? मालकांना सांगितलं, तर म्हणे, ‘तरुण आहेस, चार पावलं टाकलीस तर झिजणार नाहीस.’ उद्या रसायनशास्त्राचा पेपर. एक पान वाचलेलं नाही.

७ मार्च, गुरुवार

पेपर वाईट गेला. कोणामुळे ते लिहीत नाही, कागद फाटेल.

११ मार्च, सोमवार

एक बाई पडद्याचा तुकडा घेऊन आल्या. अगदी तसाच रंग हवा होता. तीन डबे वाया गेले, चौथा जमला. निळा वाढवा, पांढरा थोडा, आता थांबा — सगळं मी सांगितलं. बाई काकांना म्हणतात, ‘काय नजर आहे हो तुमची!’

काका म्हणाले, ‘हिनं केलंय.’ इतकं हळू की त्यांच्या मिशीलाच ऐकू गेलं असेल.

बिलावर बसणारी मालकांची वहिनी माझ्याकडे बघून हसली. हसण्यासारखं काय होतं?

१४ मार्च, गुरुवार

 आज सगळं लिहिते.

दुपारी कंत्राटदार आला. मंगळवारी भिंतीचा पोपडा देऊन तसाच निळसर राखाडी रंग बनवून नेला होता. चाळीस लिटर. चार खोल्या रंगवून वाळल्या आणि बघतो तर हिरव्या! ओरडणं रस्त्यापर्यंत जात होतं.

मालकांनी मला बोलावलं. ‘शेड तू बघतेस ना?’

मी मंगळवारी इथे नव्हतेच! प्रॅक्टिकल होतं, रजा सांगून घेतली होती. काकांनी एकट्यानं केलं होतं ते. मी काकांकडे बघितलं. खाली मान घालून झाकण पुसत होते. पुसलेलंच परत पुसत होते. एक शब्द नाही!

‘उद्यापासून येऊ नकोस,’ मालक म्हणाले.

मग माझं डोकंच फिरलं. फळीवरची दोन झाकणं उचलली — एक निळं, एक हिरवं — आणि काकांच्या नाकासमोर धरली. ‘सांगा काका, यातलं निळं कुठलं?’

सगळे जवळ सरकले. कंत्राटदारसुद्धा. काकांनी खूप वेळ बघितलं. डोळे बारीक केले. मग हिरव्यावर बोट ठेवलं.

मला ठाऊक होतं. कधीपासून, ते आत्ता लिहिताना शोधतेय. निदान सोमवारपासून तरी.

१५ मार्च, शुक्रवार

काका आले नाहीत. मालकांनी त्यांना घरी बसायला सांगितलंय. मी आहे!

 संध्याकाळी बिलं लावता लावता वहिनी म्हणाली, ‘मोतीबिंदू आहे त्यांना. दोन्ही डोळ्यांत. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. तेवढे दिवस निभावून न्यायचे होते.’

‘मला का नाही सांगितलं?’

‘त्यांना वाटलं, तू मालकांना सांगशील.’

मी झाकणं फळीवर लावायला लागले. ती म्हणाली, ‘तुझं खरं होतं गं. पण असं? चारचौघांत?’

मग काय करायचं होतं? त्यांच्यापायी नोकरी घालवून घरी जायचं होतं? फी कोण भरणार होतं — वहिनी? सगळ्यांना माझी तऱ्हा दिसली. त्यांचं गप्प बसणं कोणालाच दिसलं नाही!

१७ मार्च, रविवार

काकांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती.

काकूंनी दार उघडलं. ‘कोण गं तू?’ मी तोंड उघडलं तोच आतून आवाज — ‘येऊ दे तिला. दुकानातली हुशार मुलगी ती.’

खाटेवर बसले होते. दुकानाबाहेर किती लहान दिसतात! मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, ‘तुझ्यावर आलं आणि मी गप्प राहिलो. ते काही डोळ्यांमुळे झालं नाही, पोरी.’

माझी सगळी वाक्यं फुकट गेली. त्याचाही राग आला.

काकू म्हणाल्या, ‘ऑपरेशननंतर लख्ख दिसेल म्हणतात डॉक्टर. परत घेतील का गं मालक?’ काका त्यांना ‘तिला कशाला विचारतेस’ म्हणाले. पण कान माझ्याकडेच होते.

मी म्हणाले, ‘घेतील. मी बोलते उद्याच.’

१८ मार्च, सोमवार

गेले बोलायला. मी काही म्हणायच्या आत मालकच म्हणाले, ‘मशीन आता तुझं. परीक्षा झाली की पूर्ण वेळ ये. कायमची.’

मी हो म्हणाले. लगेच.